वाचकांचे प्रश्न: मिरगाआधी गोदामाचं दार

या वेळी रोलिंग शटर, आडव्या भागांची वर सरकणारी सेक्शनल दारं आणि डॉक लेव्हलर (गोदामाचा फलाट ट्रकच्या उंचीला जुळवणारा हलता प्लॅटफॉर्म) यांच्याविषयी आलेले प्रश्न घेतले आहेत. खाली सांगितलेलं बरंचसं काम कोरड्या दिवसांतच करता येतं. तेव्हा मिरग लागण्याआधी ते उरकून घ्यावं.

वास्कोला बंदराजवळ आमचं गोदाम आहे. रोलिंग शटर बसवून तीन वर्षं झाली. दर महिन्याला गाइडमध्ये (शटर ज्यात सरकतं त्या दोन्ही बाजूंच्या खाचांत) ग्रीस भरतो, तरी शटर किरकिरतं आणि दोन्ही गाइड खालून वीतभर गंजले आहेत. दुसरं कुठलं ग्रीस वापरावं?

दुसरं ग्रीस नको. गाइडमध्ये ग्रीस घालणंच थांबवा. रस्त्यावरची लाल माती आणि वाऱ्याबरोबर येणारं मीठ या ग्रीसला चिकटतं आणि त्याचा पॉलिश पेपरसारखा लगदा होतो. शटर वरखाली होताना हा लगदा पट्ट्यांच्या कडा आणि गाइडवरचा जस्ताचा थर खरवडत राहतो. किरकिर त्याचीच आहे. शिवाय हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. म्हणून पाऊस थांबलेला असतानाही तुमच्या गाइडचं बूड ओलंच राहतं. त्यातच गाइड काँक्रीटमध्ये गाडलेला असेल, तर आत शिरलेल्या पाण्याला वाट नसते आणि गंज नेमका खालून चढतो.

आधी मोटरचा वीजपुरवठा बंद करा. लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने जुनं ग्रीस खरवडून काढा. लोखंडी पट्टी वापरू नका, तिने जस्त निघतं. उरलेला चिकटपणा रॉकेलच्या फडक्याने पुसा. तळाच्या रबरी पट्टीला रॉकेल लागू देऊ नका, रबर फुगतं. जवळपास वेल्डिंग किंवा विडी-सिगारेट नको. मग सौम्य साबणाच्या पाण्याने आणि शेवटी भरपूर गोड्या पाण्याने गाइड धुऊन पूर्ण वाळू द्या. वाळल्यावर सिलिकॉन स्प्रेचा पातळ हात द्या. ओघळ आला तर जास्त झालं, असं समजून पुसून घ्या. गंज सोडवायचा म्हणून मिळणारा पातळ स्प्रे हे वंगण नव्हे. उलट, असलेलं वंगण तो धुऊन नेतो.

ग्रीसची जागा वेगळी आहे. वरच्या शाफ्टच्या बेअरिंगला निपल (ग्रीस भरायचं तोंड) असेल तर लिथियम ग्रीसचे दोन-तीन पंप पुरतात. सीलबंद बेअरिंगला हात लावू नका. हाताने ओढायच्या साखळीला आणि गिअरला मात्र वंगण हवंच.

गंजलेल्या भागात स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून पाहा. पत्रा आत दबला किंवा आरपार गेला तर गाइड बदलायलाच हवा. रंगाने तो वाचत नाही, आणि अशा गाइडमधून वादळी वाऱ्यात पट्ट्या निसटतात. पत्रा शाबूत असेल तर तारेच्या ब्रशने घासून झिंकयुक्त प्रायमरचे दोन हात द्या. पहिला पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नको. तळाशी जमिनीपासून सुमारे १० मिलिमीटर फट ठेवून घ्या किंवा पाणी निघायला भोक पाडून घ्या. कापलेल्या कडेलाही प्रायमर लावा, नाहीतर गंज तिथूनच सुरू होईल.

बोल्ट बदलायचे असतील तर ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे घ्या. ३०४ वर समुद्राजवळ तपकिरी डाग लवकर पडतात. जस्त चढवलेल्या मोठ्या गाइडवर छोटे स्टेनलेस बोल्ट चालतात. याच्या उलट करू नका: स्टेनलेसच्या पत्र्यात जस्ताचा बोल्ट बसवला तर तो भराभर खाल्ला जातो.

बंदराजवळच्या शटरला पंधरा दिवसांतून एकदा गोड्या पाण्याने धुणं ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी देखभाल आहे. पावसात बाहेरची बाजू आपोआप धुतली जाते, पण छपराखालचा भाग आणि गाइडची आतली बाजू कोरडीच राहते आणि तिथे मीठ साचतं. म्हणून पावसाळ्यातही धुणं सोडू नका.

वेर्ण्याला आमच्या गोदामाच्या सेक्शनल दाराची स्प्रिंग दुसऱ्याच वर्षी तुटली. पुरवठादार म्हणतो वापर जास्त आहे. दार दिवसाला ३०-४० वेळा उघडतं. एकच स्प्रिंग तुटली आहे, तेवढीच बदलली तर चालेल का?

पुरवठादाराचं म्हणणं हिशेबाला धरून आहे. साध्या टॉर्शन (पिळाच्या) स्प्रिंगचं आयुष्य साधारण १०,००० फेऱ्यांचं धरतात. दार उघडून बंद झालं की एक फेरी. दिवसाला ४० फेऱ्या आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर १२,००० होतात. म्हणजे तुमची स्प्रिंग वर्षभरातच आपलं आयुष्य संपवून वर चालत होती. मात्र इतक्या वापराच्या ठिकाणी १०,००० फेऱ्यांची स्प्रिंग देणं हेच चुकीचं होतं. नवीन घेताना २५,००० किंवा ५०,००० फेऱ्यांची मागा आणि हा आकडा कोटेशनवर लिहून घ्या. ती जाड तारेची आणि लांब असते, म्हणून शाफ्टवर जागा पुरते का तेही मोजून घ्यावं लागतं.

दोन्ही स्प्रिंगा एकदम बदला. राहिलेली स्प्रिंग तेवढ्याच फेऱ्या झालेली आहे. नवी आणि थकलेली एकत्र बसवली तर दार एका बाजूला ओढलं जातं.

पुढच्या वेळी आधी कळावं म्हणून महिन्यातून एकदा तोलाची चाचणी घ्या. दार बंद असताना वीज तोडा, मोटरचा क्लच सोडवा आणि दोघांनी मिळून दार छातीच्या उंचीपर्यंत उचला. हात सैल करा, पण दाराखाली कोणी उभं राहू नका. दार जागच्या जागी राहिलं तर स्प्रिंग ठीक आहे. खाली बसायला लागलं तर ती थकली आहे. वर पळालं तर ताण जास्त आहे. चाचणी एवढीच तुमची. ताण कमीजास्त करायचं काम मात्र शिकलेल्या तंत्रज्ञाचंच. पूर्ण दाराचं वजन त्या तारेत पिळलेलं असतं आणि चुकीचा बोल्ट सैल केला तर ताण द्यायची सळई हात मोडते.

त्याच वेळी दार उचलणारे वायर रोप पाहा, विशेषतः दाराच्या तळाच्या ब्रॅकेटजवळ. पाणी तिथेच उडतं आणि गंजही तिथून लागतो. तारा तुटून बाहेर आल्या असतील तर दार वापरायचं थांबवा आणि दोन्ही रोप बदलून घ्या.

आणखी एक. या ४० फेऱ्यांपैकी किती केवळ माणसांच्या ये-जा साठी होतात, ते आठवडाभर वहीत लिहा. शेजारी छोटं दार असेल तर ते वापरा. स्प्रिंगचं आयुष्य वाढवायचा याहून सोपा उपाय नाही.

मडकईला आमच्या शटरला थ्री-फेज मोटर आहे. लाइन दुरुस्त झाल्यावर ‘वर’चं बटण दाबलं तर शटर खाली येतं. मोटर बिघडली का?

मोटर ठीक आहे, फेजचा क्रम उलटला आहे. शटर लगेच वापरायचं थांबवा. उलट्या क्रमात लिमिट स्विच (टोकाला मोटर थांबवणारा स्विच) चुकीच्या दिशेला राखण करतो, त्यामुळे शटर टोकाला पोहोचलं तरी मोटर थांबत नाही आणि पट्ट्या मोडतात. इलेक्ट्रिशियनकडून मुख्य पुरवठ्यावर कोणत्याही दोन फेज अदलाबदल करून घ्या. फक्त शटरच्या मोटरच्या तारा बदलू नका, कारण आवारातल्या पंपांचीही दिशा उलटलेली असणार. पॅनेलमध्ये फेज प्रिव्हेंटर बसवला की पुन्हा क्रम उलटला किंवा एखादी फेज गेली तर मोटर सुरूच होणार नाही.

कुंडईच्या कारखान्यात हायड्रॉलिक डॉक लेव्हलर आहे. पुढची लिप (ट्रकवर टेकणारी पट्टी) पूर्ण उघडत नाही. गेल्या पावसात खड्ड्यात पाणी भरलं होतं. काय तपासावं?

खड्ड्यात उतरण्याआधी प्लॅटफॉर्म वर करून देखभालीचा आधारदांडा जागेवर टेका, वीज तोडून स्विचला कुलूप घाला आणि किल्ली उतरणाऱ्याच्या खिशात ठेवा. नुसत्या तेलाच्या दाबावर उभ्या प्लॅटफॉर्मखाली जाऊ नका, सील फुटलं तर तो खाली येतो.

लिप सहसा प्लॅटफॉर्म पूर्ण वर गेल्यावर उघडते. म्हणून तो शेवटपर्यंत वर जातो का, हे आधी पाहा. जात नसेल तर बहुधा तेल कमी आहे. पातळी कोणत्या स्थितीत तपासायची ते मॅन्युअलमध्ये असतं आणि ते पाळावंच लागतं. सिलिंडर बाहेर असताना तेल त्यात गेलेलं असतं आणि टाकी रिकामी दिसते. तेल दुधासारखं पांढरट झालं असेल तर त्यात पाणी शिरलं आहे. नुसतं वरून भरू नका, सगळं बदला आणि फिल्टर-जाळी धुवा. तेलाचा ग्रेड मॅन्युअलमधलाच घ्या. प्लॅटफॉर्म नीट वर जात असेल तर लिपच्या बिजागरीत माती आणि गंज आहे का ते पाहा. साफ करून वंगण द्या. तरीही लिप अडली तर व्हॉल्व्हच्या सेटिंगसाठी तंत्रज्ञ बोलवा.

खरं दुखणं मात्र खड्ड्यातल्या पाण्याचं आहे. मेच्या शेवटी खड्ड्यातला प्लास्टिक, सुतळी आणि लाकडाच्या फळ्यांचा कचरा काढा, निचऱ्याची नळी बादलीभर पाणी ओतून तपासा आणि जाळी बसवा. पावसाळ्यात दर आठवड्याला एकदा खाली नजर टाका.

बाहेर आलात की रबरी बंपर मोजा. नवा बंपर भिंतीपासून साधारण १०० मिलिमीटर बाहेर असतो. २५ मिलिमीटर झिजला की बदला. नाहीतर मागे येणाऱ्या ट्रकचा धक्का थेट लेव्हलरला आणि भिंतीला बसतो.

डिचोलीत काजूचं गोदाम आहे. शटरखालून उंदीर येतात, रबर लावलं तर कुरतडतात.

पिल्लू उंदीर ६ मिलिमीटरच्या फटीतूनही आत येतो. शटर बंद करून आतला दिवा लावा आणि संध्याकाळी बाहेरून पाहा: जिथून उजेड दिसतो तिथून वाट आहे. फरशी उंचसखल असेल तर आधी सिमेंटने पातळीत आणा, रबर कितीही जाड लावलं तरी खड्डा बुजत नाही. नंतर तळाच्या पट्टीला बाहेरून पातळ स्टेनलेस पत्रा आणि आतून रबर लावा. दोन्ही कोपऱ्यांत, गाइड जिथे टेकतो तिथे स्टेनलेस जाळी कोंबा. उंदरांची वाट बहुतेक वेळा याच कोपऱ्यातून असते. पाणी निघायला गाइडच्या तळाशी फट किंवा भोक ठेवलं असेल, तर त्यावरही हीच जाळी बसवा.