वाचकांचे प्रश्न : कामाच्या जागी प्रार्थनेची घंटा

प्रश्न : आम्ही इंदूरच्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीतील सात जण आहोत. कोणी हिशेब लिहितो, कोणी डिझाइनची कामे घेते, तर दोघे पुण्यातील कंपन्यांसाठी घरूनच काम करतात. विजयनगर भागात हॉल भाड्याने घेऊन एकत्र काम करावे आणि दिवसातून दोनदा प्रार्थना करावी, असा आमचा विचार आहे. मंडळीतील एका वडीलधाऱ्यांना मात्र धंदा आणि उपासना एका छताखाली नको वाटतात. शिवाय भाडे परवडावे म्हणून ख्रिस्ती नसलेल्या दोन मित्रांनाही सोबत घ्यावे लागेल. हे योग्य होईल का?

उत्तर : वडीलधाऱ्यांची शंका झटकून टाकण्याजोगी नाही, तथापि त्यांनी बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा 18वा अध्याय पुन्हा वाचावा, अशी विनंती आपण अवश्य करावी. करिंथ या ग्रीक शहरात प्रेषित पौल अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे राहिला, तो त्यांचा व त्याचा धंदा एकच, म्हणजे तंबू करण्याचा होता म्हणून. आणि पुढे याच दांपत्याच्या घरी मंडळी जमत असे. आपल्याकडे केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्येही प्रार्थनेच्या जोडीने विणकाम, शेती आणि छापखाना चालत असे.

खरी अडचण जागेची नसून वेळेची आहे. 6व्या शतकात इटलीत संत बेनेदिक्त यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्याशी ‘प्रार्थना आणि श्रम’ हे ब्रीद नेहमी जोडले जाते, पण ते त्या नियमावलीत नाही. तिच्यात आहे ते वेळापत्रक, आणि माझ्या मते आपल्याला ब्रीदापेक्षा त्याचाच उपयोग अधिक होईल. श्रमाचे तास कोणते आणि वाचनाचे कोणते, हे 48व्या प्रकरणात ऋतुमानाप्रमाणे ठरवून दिले आहे. प्रार्थनेची खूण ऐकू येताच हातातले काम टाकून त्वरेने, पण गांभीर्य न सोडता यावे, असे 43वे प्रकरण सांगते. हे वाचायला सोपे असले, तरी दुपारी बारा वाजता ताळेबंदात साडेतीनशे रुपयांचा फरक सापडत नसताना लॅपटॉप मिटून उठणे किती जड जाते, ते हिशेब लिहिणाऱ्यालाच विचारावे. ज्या प्रार्थनेसाठी काम थांबत नाही, ती चार दिवसांत चहाच्या सुट्टीत विरघळते. म्हणून वेळ ठरलेली असावी, प्रार्थना दहा-बारा मिनिटांत संपावी (लांबलेले प्रवचन हा आपल्या मंडळ्यांचा जुना छंद आहे), आणि घंटा वाजवण्याचे काम दर आठवड्याला वेगळ्या माणसाकडे जावे. पुण्याच्या कंपनीशी ज्यांचा कॉल त्याच वेळी चालू असेल, त्यांना दोष देऊ नये; कामासाठी दूर गेलेल्या बंधूंनी आहेत तिथेच प्रार्थना करावी, अशी मुभा त्याच नियमावलीच्या 50व्या प्रकरणात आहे.

ख्रिस्ती नसलेल्या मित्रांविषयी मी अधिक काटेकोर राहीन. त्यांना जागा देण्यापूर्वीच प्रार्थनेची कल्पना द्यावी आणि त्या वेळी त्यांना निःसंकोचपणे काम करता येईल, अशी वेगळी खोली ठेवावी. भाडे सर्वांना सारखेच असावे. प्रार्थनेला बसणाऱ्यास सवलत देण्याची कल्पना कितीही सद्हेतूने सुचली, तरी ती मोडीत काढावी. मध्य प्रदेशात 2021चा धर्मस्वातंत्र्य अधिनियम लागू असून प्रलोभनाने केलेल्या धर्मांतरास त्यात मनाई आहे. एकत्र प्रार्थना करणे म्हणजे धर्मांतर नव्हे. पण भाड्याच्या वहीत प्रार्थनेचा रकाना दिसला, तर आपला हेतू समजावून सांगताना आपली दमछाक होईल. कायदा बाजूला ठेवला, तरी सवलतीपोटी मिटलेले डोळे आपल्यालाही नकोच असणार. घरमालकालाही सर्व आधी सांगावे आणि भाडेकरारात जागेचा वापर स्पष्ट लिहून घ्यावा.

अनामत रक्कम भरण्याआधी महिनाभर कोणाच्या तरी दिवाणखान्यात बसून पाहावे. बाराची घंटा झाल्यावर सातांपैकी किती जण खरोखर उठतात, हे तेथे कळेल आणि हॉल केवढा घ्यायचा, हेही ठरवता येईल.