लीडच्या परीक्षेला बसताना

प्रिय मुली,

तू लीड ग्रीन असोसिएटच्या, म्हणजे पर्यावरणस्नेही इमारतींना प्रमाणपत्र देणाऱ्या ‘लीड’ या अमेरिकी पद्धतीच्या पहिल्या पातळीच्या परीक्षेला बसते आहेस हे वाचून फार बरं वाटलं. दिवसभर साइटवर उभं राहायचं आणि रात्री पुस्तक उघडायचं, हे कष्टाचं काम आहे. तुझा वेळ भलतीकडे जाऊ नये म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी तू पाठवलेल्या प्रश्नसंचाबद्दल. ‘परीक्षेत आलेले खरे प्रश्न’ म्हणून जे विकलं जातं ते बाजूला ठेव. प्रश्न बाहेर सांगणार नाही हे प्रत्येक उमेदवाराला मान्य करावं लागतं. म्हणजे असा संच एकतर खोटा असतो, नाहीतर कुणीतरी शब्द मोडून बनवलेला. सरावासाठी प्रश्न जरूर सोडव, पण धडा समजल्यानंतर.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे ‘ग्रीन बिल्डिंग’ म्हटलं की लोक गच्चीवरची सोलर पॅनेलं आणि तळघरातला एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारं यंत्र, दाखवतात. तुझ्याही पहिल्या टिपणात तेच होतं. लीडचा विचार मात्र एका ठरावीक क्रमाने जातो. आधी गरज कमी करा, मग तेवढ्या गरजेसाठी काटकसरीचं यंत्र निवडा, आणि पर्यायी स्रोताकडे त्यानंतर वळा. हा क्रम मनात पक्का बसला की ‘सर्वात आधी काय कराल’ किंवा ‘सर्वात योग्य पर्याय कोणता’ अशा प्रश्नांत चारही उत्तरं बरोबर वाटत असली तरी तू गोंधळणार नाहीस.

पाण्याचं उदाहरण हातानेच करून बघ. एक ऑफिस घे, १०० माणसं पूर्णवेळ, त्यात ४० स्त्रिया आणि ६० पुरुष. लीडच्या गृहीतकाप्रमाणे स्त्री दिवसात तीनदा कमोड वापरते. पुरुष एकदा कमोड आणि दोनदा युरिनल. म्हणजे कमोडचे १८० वापर, युरिनलचे १२०. तुलनेसाठी मूळ पातळी एका फ्लशमागे कमोडला ६ लिटर आणि युरिनलला ३.८ लिटर धरतात. १०८० अधिक ४५६, एकूण १५३६ लिटर. आता ४.८ लिटरचा कमोड आणि १.९ लिटरचं युरिनल बसव. ८६४ अधिक २२८, झाले १०९२. बचत जवळपास २९ टक्के. खऱ्या हिशेबात बेसिनचे नळ वगैरेही धरावे लागतात, पण रीत हीच.

आतल्या पाण्याच्या वापरात किमान २० टक्के कपात ही सक्तीची अट आहे. लीड इमारतीला वेगवेगळ्या बाबींसाठी गुण देतं, पण या अटीला गुण नाहीत, आणि ती पूर्ण झाली नाही तर बाकी कितीही गुण असोत, इमारतीला प्रमाणपत्र मिळत नाही. सक्तीच्या अटी आणि गुण देणारे क्रेडिट यांतला हा फरक डोळे मिटून सांगता आला पाहिजे. आणि बारकाईने बघ, एसटीपीचं किंवा पावसाचं पाणी ही अट भागवायला चालत नाही. नळ आणि फ्लश आधी सुधारा, मग पुढच्या क्रेडिटमध्ये पर्यायी पाण्याचा फायदा घ्या. तोच क्रम इथे नियमातच बसवलेला आहे.

उद्या साइटवर गेलीस की प्लंबरला विचार, आपण मागवलेल्या टाकीचा फुल फ्लश किती लिटरचा, हाफ किती. कॅटलॉगमध्ये आकडा असतोच. तो आकडा एकदा तिथे पाहिलास की पुस्तकातला आपोआप लक्षात राहील.

ऊर्जेच्या प्रकरणाला सगळ्यात जास्त वेळ दे. नव्या इमारतींसाठीच्या लीड व्ही४ मध्ये, म्हणजे चौथ्या आवृत्तीत, एकूण ११० गुण आहेत, त्यातले ३३ एकट्या ऊर्जा आणि वातावरण या विभागाचे, पाण्याला ११. इथे मला काचेबद्दल बोलायचंच आहे, कारण पुण्या-मुंबईत काचेच्या भिंतींचं जे चाललं आहे ते बघून जीव तुटतो. खिडकी मोठी केली की उजेड वाढतो, बाहेरचं दिसतं, त्याचे गुण मिळू शकतात. पण पश्चिमेच्या उन्हात त्याच काचेतून उष्णता आत येते, एसीचा भार वाढतो, आणि डोळ्यांवर तिरीप येते म्हणून लोक पडदे ओढून दिवसा दिवे लावतात. उजेडही गेला आणि वीजही. म्हणून काचेचे दोन आकडे नेहमी जोडीने वाच. एसएचजीसी सांगतो उन्हाची किती उष्णता आत येते, व्हीएलटी सांगतो किती उजेड येतो. आपल्या हवेत पहिला कमी हवा, दुसरा पुरेसा. आणि काच निवडण्याआधी खिडकीची दिशा आणि वरचा छज्जा, कारण ऊन बाहेरच अडवलं तर काचेला सोसावंच लागत नाही.

एक निर्णय असा चार ठिकाणी परिणाम करतो, म्हणून लीडमध्ये एकात्मिक प्रक्रियेला वेगळं स्थान आहे. वास्तुरचनाकार, एसीचा सल्लागार, प्लंबिंगवाले, मालक असे सगळे पहिल्या रेषा मारल्या जाण्याआधी एकत्र बसावेत, ही अपेक्षा. नकाशे मंजूर झाल्यावर सल्लागार बोलावणं तू रोज बघतेस. त्याने काय बिघडतं हे तुला पुस्तकापेक्षा चांगलं माहीत आहे.

जमलं तर हैदराबादला जाऊन सीआयआय-सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर बघून ये. २००३ मध्ये त्याला लीड प्लॅटिनम, म्हणजे लीडची सर्वात वरची श्रेणी मिळाली. अमेरिकेबाहेर अशी श्रेणी मिळवणारं ते पहिलंच. २००४ मध्ये राष्ट्रपती कलामांच्या हस्ते उद्घाटन झालं. मधलं अंगण, जाळीच्या भिंती, छपरावरची बाग, वाऱ्याचे मनोरे आणि वनस्पतींच्या मुळांतून सांडपाणी शुद्ध करण्याची सोय, हे सगळं तिथे एकत्र दिसतं. सोलर पॅनेलं आहेतच, पण अंगण आणि जाळी आधी नीट बघ.

परीक्षेचं थोडं. १०० प्रश्न, दोन तास, म्हणजे प्रश्नाला सव्वा मिनिटाच्या आतच. गुण १२५ ते २०० या पट्टीवर देतात आणि पास व्हायला १७० लागतात; ही टक्केवारी नाही, तेव्हा ८५ टक्क्यांचा धसका घेऊ नकोस. त्यातल्या १५ प्रश्नांचे गुण धरतच नाहीत आणि ते कोणते हे कळत नाही, त्यामुळे एखादा विचित्र प्रश्न आला तर खूण करून पुढे जा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, एकही जागा रिकामी सोडू नकोस.

मी वर दिलेले नियम व्ही४ चे आहेत. एप्रिल २०२५ मध्ये व्ही५ आली आहे. तारीख घेण्याआधी परीक्षा घेणाऱ्या जीबीसीआय या संस्थेच्या उमेदवार-पुस्तिकेचं ताजं रूप उघड आणि तुझ्या परीक्षेला कोणती आवृत्ती लागू आहे ते बघून मगच साहित्य घे. जुन्या बॅचच्या मित्राच्या नोट्स वापरायच्या असतील तरी हे आधी तपास.

इंग्रजीची भीती तू लिहिली आहेस. प्रत्येक क्रेडिटचा उद्देश इंग्रजीत वाच आणि मग घरी आईला मराठीत समजावून सांग. तिने ‘पण असं का?’ विचारलं आणि तुला उत्तर देता आलं नाही, तर तो भाग पुन्हा वाचायचा आहे असं समज. व्याख्या पाठ करण्यापेक्षा यात वेळ जास्त जाईल, जाऊ दे.

पास झाल्यावर दर दोन वर्षांनी १५ तासांचं शिक्षण पूर्ण करून ही पात्रता टिकवावी लागते, तेही आतापासून डोक्यात ठेव. नोंदणी करताना नाव ओळखपत्रावर आहे तसंच लिही, अक्षर न अक्षर.

तुमच्या साइटच्या एका मजल्याचा पाण्याचा हिशेब, नळांसकट, करून मला पाठव. माणसांची संख्या मालकाकडून घे, टाकीचे आकडे प्लंबरकडून. मी तपासून परत पाठवते.

तुझी,
मावशी