आजोबांना पाण्याबद्दल विचारा

प्रश्न : नाइट शिफ्टहून आलो की झोप येत नाही, मग मी दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या बेटांवर जपान्यांशी लढलेल्या म्हाताऱ्या अमेरिकन सैनिकांचे इंटरव्ह्यू बघत बसतो. एवढी मोठी लढाई आणि ही माणसं बोलतात काय तर पाणी, राख, बूट. असं का? माझे आजोबा एकाहत्तरच्या लढाईत होते, ते तर काहीच बोलत नाहीत. — एक वाचक, विश्रांतवाडी, पुणे

उत्तर : अहो, अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला लढाई म्हणजे समोरची दहा फूट जमीन. तारावा बेटाचं बघा, २० नोव्हेंबर १९४३, भरतीचं पाणी कमी पडलं, बोटी प्रवाळावर अडकल्या आणि पोरं रायफली डोक्यावर धरून छातीभर पाण्यातून चार-पाचशे मीटर चालत गेली, समोरून मशीनगन चालूच. ७६ तासांत हजाराच्या आसपास मरीन (समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणारे अमेरिकन सैनिक) गेले. जो वाचला त्याला म्हातारपणी ते पाणीच आठवणार ना.

पेलेलिउ बेटाचं तर मला अजून नीट वाचवत नाही. सप्टेंबर १९४४, पारा ४६ डिग्रीपर्यंत आणि प्यायचं पाणी आलं ते तेलाच्या ड्रममधून, ड्रम नीट धुतलेलेच नव्हते, तहानेनं जीव चाललेला म्हणून पोरं तेच प्यायली आणि आजारी पडली. त्यांचे जनरल म्हणाले होते तीन-चार दिवसांत आटपेल, लागले दोन महिन्यांच्या वर.

इवो जिमा बेटावर सहा अमेरिकन सैनिक झेंडा उभारतायत, तो फोटो तर सगळ्यांनी पाहिलाय. तो २३ फेब्रुवारी १९४५ चा, लढाईचा पाचवाच दिवस, त्यानंतर महिनाभर ती चालली आणि फोटोतल्या सहापैकी तिघं त्याच बेटावर गेले. ज्वालामुखीची काळी राख अशी की लपायला खड्डा खणावा तर कडेची राख परत आत. जपानी बाजूचे २१,००० च्या आसपास होते, बहुतेक सगळे तिथेच संपले, सांगायला फार थोडे उरले.

आणि हे अमेरिकन आजोबाही काही लगेच बोलले नाहीत हो. लायब्ररी ऑफ काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय लायब्ररीनं, सैनिकांच्या आठवणी गोळा करायचं काम २००० साली सुरू केलं, तोवर ही माणसं पंच्याहत्तरीला आलेली.

म्हणून आजोबांना 'किती मारले' असलं काही विचारू नका. पाणी कुठून यायचं, जेवायला काय मिळायचं, बूट भिजले की काय करायचात, एवढंच विचारा, चहा घेताना, मोबाइल समोर न धरता. बोलायला लागले तर मधेच तारखा विचारू नका. नाही बोलले तर चहा संपवा आणि पुढच्या रविवारी परत जाऊन बसा.