बॅटरी लवकर उतरते, कड फुटते: पातं कोणतं घेऊ?

प्रश्न : ताई, माझ्याकडे 18 व्होल्टची, बॅटरीवर चालणारी छोटी गोल करवत आहे. तिचं मूळ पातं 136 मिलिमीटरचं, भोक 20 मिलिमीटरचं, दात 16. घरातली कपाटं मी स्वतःच करतो आहे. लॅमिनेट लावलेला 18 मिलिमीटरचा प्लाय कापला की वरची कड फुटते. हल्ली बॅटरीही लवकर उतरते. मित्राकडे 140 मिलिमीटरचं, 40 दातांचं पातं पडून आहे, भोक 20चंच. चार मिलिमीटरने काय बिघडतंय, असं तो म्हणतो. लावू का? की नवं घेऊ, आणि घेतलं तर किती दातांचं?

उत्तर : मित्राचं पातं लावू नका. चार मिलिमीटर म्हणजे चहूबाजूंनी दोनच, हे खरं. पण छोट्या करवतीत दातांची टोकं आणि गार्ड, म्हणजे पात्यावरचं संरक्षक झाकण, यांच्यामधली जागाच बेताची असते. खालचा गार्ड पात्यावर जरा जरी अडकला, तर काप संपल्यावर तो मिटत नाही आणि फिरतं पातं उघडं राहतं. करवत खाली घेताना ती आपल्या मांडीजवळूनच जाते. मशीनच्या पुस्तिकेत 136 लिहिलंय ना, मग 136च आणा.

भोकाच्या बाबतीत तर मी अजिबात ऐकून घेत नाही. नवीन असताना मी मोठ्या भोकाचं एक पातं, भोक लहान करणारी मधली कडी न घालता लावलं होतं. बोल्ट घट्ट आवळलाय, आता कुठे हलणार, असं वाटलं. पातं मध्यावर बसलंच नव्हतं. प्रत्येक फेऱ्यात एकाच बाजूचे दात सगळा भार घेत होते, मुठीत मुंग्या येत होत्या. मशीन बंद करून पाहिलं तर दोन दातांची कार्बाइडची टोकं गायब. ती कुठे उडाली ते सापडलं नाही, आणि माझ्या डोळ्यांवर त्या दिवशी चष्मा नव्हता. भोक जुळत नसेल तर पात्यासोबत आलेली, नेमक्या मापाची कडी घाला. तीही पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड नको, नाहीतर फ्लॅंज, म्हणजे पातं दाबून धरणारी चकती, पात्याऐवजी कडीलाच धरते.

आता बॅटरीकडे येते, कारण तुमच्या पत्रातली खरी गोष्ट तीच आहे. सगळे दात मोजतात, जाडी कुणी पाहत नाही. पाकिटावर बहुधा तीन आकडे असतात: व्यास, दाताची रुंदी आणि भोक. त्यातला मधला आकडा आधी वाचा. दात जेवढा रुंद, तेवढी चीर रुंद, आणि चिरेतलं सगळं लाकूड भुसा होऊन बाहेर पडतं. 2.4 मिलिमीटरचं पातं 1.4च्या पात्यापेक्षा सत्तर टक्क्यांहून जास्त लाकूड खातं. विजेवरची मोठी करवत ते सहज सोसते. तुमच्या करवतीत मात्र तो सगळा खर्च बॅटरीतून जातो. म्हणून बॅटरीच्या मशीनसाठी बनवलेलं पातळ पातंच घ्या, साधारण दीड मिलिमीटरच्या आतबाहेर. पात्याच्या मागे चीर उघडी ठेवणारी पट्टी तुमच्या करवतीला असेल, तर तिची जाडीही मोजा. ती पात्याच्या पत्र्यापेक्षा थोडी जाड आणि दाताच्या रुंदीपेक्षा कमी असायला हवी. जास्त झाली तर चिरेत शिरणारच नाही.

मग दात. कागदावर मांडून बघा. 136 मिलिमीटरच्या पात्याचा घेर सुमारे 427 मिलिमीटर. 16 दात म्हणजे दोन दातांत जवळजवळ 27 मिलिमीटरचं अंतर. पातं प्लायच्या खाली चारेक मिलिमीटर उतरवलं, तर लाकडात असलेली कमान साधारण 33 मिलिमीटर भरते. म्हणजे एका वेळी जेमतेम एक दात काम करतो, आणि तोही मोठा घास घेऊन. कड फुटणारच. 30 दात असले तर दोन, 40 असले तर तीन दात तोच भार वाटून घेतात. तुमच्या प्लायसाठी 30 ते 40 दातांचं पातं आणा. दात आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे तिरके घासलेले असावेत. ते लाकडाचे तंतू चाकूसारखे कापतात. लॅमिनेटवर फार पुढे झुकलेले दात नकोत, ते वरचा थर ओरबाडून उचलतात.

जुनं 16 दातांचं फेकू नका. फळी लाकडाच्या तंतूंच्या दिशेने उभी चिरायची असते तेव्हा तेच लागतं. तिथे भुसा भरपूर निघतो आणि त्याला बाहेर पडायला दातांमध्ये मोठी खाच हवी. जास्त दातांचं पातं अशा कामात गुदमरतं, तापतं आणि लाकडावर काळे डाग पाडतं. एका करवतीला दोन पाती ठेवा, असं मी प्रत्येकाला सांगते.

पात्यावर छापलेला कमाल फेऱ्यांचा आकडा करवतीच्या फेऱ्यांइतका किंवा त्याहून मोठा हवा. आणि पातं बदलताना आधी बॅटरी काढून बाजूला ठेवा. नुसतं बटण बंद करून हात घालू नका.

एक शेवटचं. हातातल्या गोल करवतीचे दात पुढच्या बाजूला खालून वर येतात, म्हणून कपच्या वरच्या बाजूला उडतात. चांगली बाजू खाली ठेवून कापा. दोन्ही बाजू दिसणार असतील तर रेषेवर चाकूने खोल ओरखडा काढा आणि मग करवत चालवा.

प्रश्न : पातं बोथट झालंय की नुसतं मळलंय, हे कसं ओळखायचं?

उत्तर : धुऊन पाहा. प्लायमधला डिंक आणि लाकडाचा चीक दातांच्या बगलेत बसतो, मग पातं चिरेत घासायला लागतं आणि बोथट असल्यासारखं वागतं. पातं काढून भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा. नायलॉनच्या ब्रशने दात घासा, लगेच कोरडं करा, तेलाचा हलका हात फिरवा. एवढं करूनही करवत ढकलावी लागत असेल आणि काप जळका येत असेल, तर धार गेली आहे. हातमोजे घालून पातं उजेडात धरा आणि भिंगाने एकेक टोक पाहा. एक जरी टोक उडालेलं किंवा पत्र्याला चीर गेलेली दिसली, तर ते पातं पुन्हा मशीनला लावू नका.