नोकरी सोडून स्वतःचा ट्रक कंपनीला अटॅच करावा का?

प्रश्न थोडक्यात असा. राजगुरुनगरचे एक वाचक, वय ३८. चाकणच्या एका मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीत नऊ वर्षं चार महिने ड्रायव्हर आहेत. पगार आणि भत्ता मिळून महिन्याला ३४,००० हातात येतात. आता कंपनी म्हणते, नोकरी सोडा, स्वतःची बत्तीस फुटी सहा चाकी कंटेनर गाडी घ्या आणि आमच्याकडेच अटॅच करा, म्हणजे गाडी तुमची, काम आमचं. गाडी बॉडीसकट ३० लाखांना पडते. त्यातले ५ लाख पीएफ आणि एफडी मोडून भरायचे, उरलेल्या २५ लाखांचं कर्ज कंपनीच्या ओळखीचे फायनान्सवाले ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी देणार. भाडं किलोमीटरला ३३ रुपये, टोल कंपनीचा, काम महिन्याला ‘साधारण ८,००० किलोमीटर’. बिल पीओडी (माल मिळाल्याची सही केलेली पावती) पोचल्यावर ६० दिवसांनी. करार एका वर्षाचा, ३० दिवसांच्या नोटिशीवर मोडता येणारा. कंपनीच्या माणसाने कागदावर मांडून दाखवलंय की महिन्याला ६५,००० सुटतील. मेहुणे म्हणतात घेऊन टाका, पत्नी नको म्हणतात. पंधरा दिवसांत कळवायचं आहे.

दादा, नमस्कार.

या अटींवर गाडी घेऊ नका. मात्र हा धंदाच वाईट, असं मी म्हणणार नाही. भाड्यात तीन रुपये वाढले आणि दोन-तीन गोष्टी कागदावर आल्या तर माझं उत्तर बदलेल. कसं, ते सांगतो.

आधी तो ६५,००० चा हिशोब. ८,००० किलोमीटर गुणिले ३३, म्हणजे २,६४,००० भाडं. गाडी लिटरला ५ किलोमीटर देईल आणि डिझेल ९० रुपये धरलं तर १,४४,००० डिझेलचे. कर्जाचा हप्ता ५४,३५६. राहिले ६५,६४४. गणित चुकलेलं नाही, पण ते अर्ध्यातच थांबवलंय. त्या कागदावर टायर नाहीत, धूर स्वच्छ करायला लागणारा युरिया नाही, इन्शुरन्स नाही. नऊ वर्षं गाडी तुम्ही चालवलीत, पण ही बिलं कंपनीच्या ऑफिसात जायची, म्हणून ती तुमच्याही डोळ्यांसमोर आली नसावीत.

ती आता धरू. बीएस-६ गाडीला युरिया लागतोच, किलोमीटरमागे ६० पैसे. सहा टायर २०,००० ला एक आणि ८०,००० किलोमीटर चालले, तर दीड रुपया. सर्व्हिसिंग, ऑइल, ग्रीसिंग, पाटे, क्लच मिळून आणखी दीड रुपया. नव्या गाडीला पहिलं वर्ष कमी लागेल, चौथ्या वर्षी जास्त. थर्ड पार्टी विम्याचाच हप्ता तुमच्या साडेअठरा टनांच्या गाडीला २०२२ च्या दरांनुसार वर्षाला ३५,३१३ रुपये आहे, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा वेगळा. नॅशनल परमिटची फी वर्षाला १६,५००. त्यात रोड टॅक्स धरा, आणि पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी लागणारं फिटनेस सर्टिफिकेट धरा. हे सगळं महिन्याला ११,००० च्या खाली बसवणं मला अवघड दिसतं. वाटेतलं जेवण, पार्किंग, किरकोळ देणंघेणं ८,०००.

म्हणजे प्रत्येक किलोमीटरमागे ३३ मधले ११ रुपये ४० पैसे उरतात आणि गाडी हलो न हलो, महिन्याला ७३,३५६ रुपये द्यावेच लागतात. ८,००० किलोमीटर झाले तर तुमच्या हातात १७,८४४ येतील. ६,५०० झाले तर ७४४. आजच्या पगाराइतके ३४,००० कमवायला महिन्याला ९,४०० किलोमीटर मारावे लागतील, आणि तेवढं काम देतो असं कंपनीसुद्धा म्हणत नाही.

एकट्याने ८,००० तरी होतील का, हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं. चाकणहून होसूरला निघालात, खंबाटकी चढलात, सातारा, कोल्हापूर, हुबळी करत पोचलात आणि गेटवर दीड दिवस गाडी खाली होण्याची वाट पाहिलीत, की महिन्याचं किलोमीटर कुठे गळतं ते मी सांगायला नको. ताशी सरासरी ४० धरली तरी ८,००० किलोमीटर म्हणजे २०० तास स्टिअरिंगवर. पूर्वी गेटवर गाडी अडली तरी तुमचा पगार चालू असायचा. आता तुमचा हप्ता चालू असेल. म्हणून हॉल्टिंगचे पैसे किती तासांनंतर आणि दिवसाला किती, हे करारात हवं. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, कंपनीच्या मसुद्यातही नसेल असा माझा अंदाज.

त्याहून मोठा प्रश्न वेगळाच आहे. ३३ रुपये हे गाडीच्या मीटरवर, की फक्त माल भरलेल्या किलोमीटरवर? उद्याच्या उद्या विचारा. शंभरातले पंधरा किलोमीटर गाडी रिकामी फिरली आणि त्याचे पैसे मिळाले नाहीत, तर मीटर ८,००० दाखवेल, भाडं मात्र ६,८०० चं मिळेल. ३९,६०० रुपये तिथेच गेले, आणि १७,८४४ च्या जागी २१,७५६ चा खड्डा. एका शब्दाच्या फरकाने धंदा असा उलटतो, आणि असे शब्द तोंडी बोलण्यात कधीच नीट सांगितले जात नाहीत.

डिझेलचंही तसंच. लिटरला ५ रुपये वाढले की किलोमीटरला एक रुपया, महिन्याला ८,००० गेले. गाडीने ५ ऐवजी साडेचार दिले तर १६,००० गेले, म्हणजे जवळजवळ सगळंच. साडेचार देणारी गाडी मुळीच दुर्मिळ नाही, घाटरस्ता आणि भरलेला माल असेल तर नाहीच नाही.

मेहुणे म्हणतील, हो, पण पाच वर्षांनी गाडी आपली होते ना! होते. त्याचाही हिशोब करू. सगळं कंपनी म्हणते तसं घडलं, तरी दर महिन्याला पगारापेक्षा १६,१५६ कमी येतात. साठ महिन्यांत ते झाले ९ लाख ६९ हजार. वर सुरुवातीचे ५ लाख. म्हणजे जवळपास १४ लाख ७० हजार घालून हातात येणार पाच वर्षं महामार्गावर पळालेली गाडी. तिला १० लाख आले तरी मी चांगले म्हणेन. या पाच वर्षांत कंपनीने तुमच्या पीएफमध्ये भरले असते ते पैसे मी मोजलेच नाहीत.

आता ते तीन रुपये. भाडं ३६ झालं की किलोमीटरमागे १४ रुपये ४० पैसे उरतात. ७,५०० किलोमीटरला ३४,६४४ सुटतात, म्हणजे पगाराची बरोबरी होते आणि गाडी तुमची होत जाते. तेव्हा मागणी अशी ठेवा: मीटरवर ३६ रुपये, महिन्याला किमान ७,५०० किलोमीटरचं भाडं, काम देवोत न देवोत. डिझेल ९० च्या वर-खाली प्रत्येक रुपयाला भाड्यात २० पैसे वर-खाली. आणि करार किमान तीन वर्षांचा. हप्ता साठ महिन्यांचा आणि काम तीस दिवसांच्या भरवशावर, ही जोडी मला या सगळ्यात सर्वात जास्त खटकते. तीन वर्षं देत नसतील तर निदान बाहेरचं भाडं मारायची मुभा तरी लेखी घ्या. गाडीवर कंपनीचं नाव रंगवायचं, दुसऱ्याचा माल भरायचा नाही आणि महिनाभराच्या नोटिशीवर काढूनही टाकायचं, हे चालणार नाही.

कंपनी यातलं काही देईल का? एकट्या माणसाला बहुधा नाही. पण तुमच्यासारखे अनुभवी ड्रायव्हर त्यांनाही सहज मिळत नाहीत, म्हणून तर ही योजना आली. आणि ही गाडी त्यांनी स्वतः घेतली असती तर ७३,००० चा तो महिन्याचा बोजा त्यांच्या डोक्यावर असता, तो ते तुमच्याकडे सरकवतायत. त्याची किंमत मागण्यात लाजण्यासारखं काही नाही.

बिलाच्या ६० दिवसांबद्दल. दोन महिन्यांचं डिझेल २ लाख ८८ हजार आणि दोन हप्ते १ लाख ९ हजार, म्हणजे पहिला चेक यायच्या आधी सुमारे ४ लाख खिशातून जाणार. तुमची सगळी शिल्लक तर मार्जिन मनीत, म्हणजे सुरुवातीच्या त्या ५ लाखांत गेली. हे ४ लाख आणणार कुठून? पंपावरच्या उधारीवर नाहीतर सावकाराकडून, आणि तिथला व्याजदर या हिशोबात बसतच नाही. यावर कायद्याचा एक आधार आहे. सरकारच्या ‘उद्यम’ पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करा. ती फुकट आहे, एजंटाला पैसे देऊ नका. तशी नोंदणी असलेल्याचं बिल कराराने ठरवूनसुद्धा ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, मुदतीत न दिलेलं आणि वर्षअखेर थकलेलं असं बिल कंपनीला आयकरात त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही, त्यामुळे त्यांचा अकाउंट्स विभागच या बाबतीत जागा असतो. भांडायला जाऊ नका, नुसतं उद्यमचं प्रमाणपत्र करारासोबत जोडा आणि ६० च्या जागी ४५ लिहून मागा. त्याउपर दर ट्रिपला डिझेलपुरता ॲडव्हान्स मिळायलाच हवा.

कर्जाचं. कंपनीच्या ओळखीच्या फायनान्सवाल्यांकडे जाण्याआधी दोन बँकांत विचारा. कोटेशन बघताना जीएसटी १८ टक्के लावलाय ना, तेही तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो २८ वरून खाली आलाय. मराठा समाजातले असाल तर अण्णासाहेब पाटील महामंडळाच्या व्याज परताव्याची चौकशी कर्ज मंजूर होण्याआधी करा, नंतर नाही. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की गरज पडल्यास गावची वीस गुंठे तारण देता येईल. ते अजिबात नको. तारण फक्त गाडी. हप्ते थकले की गाडी ओढून नेतात, पडत्या भावात विकतात आणि उरलेल्या रकमेसाठी पुन्हा दारात येतात. त्या वेळी जमीन कागदावर नसलेली बरी. मेहुण्यांनाच जामीन राहायला सांगून बघा, त्यांचा उत्साह खरा किती ते कळेल.

कराची बाजू त्या मानाने सोपी आहे. मालवाहतूक कंपनीला गाडी भाड्याने दिली तर तुम्हाला जीएसटी लागत नाही. दहापर्यंत गाड्या असणाऱ्याने पॅनसह घोषणापत्र दिलं की कंपनी टीडीएस कापत नाही. आयकरात वह्या न ठेवता, गाडी आणि माल मिळून होणाऱ्या एकूण वजनाच्या टनामागे महिन्याला १,००० रुपये उत्पन्न धरायची सोय आहे. तुमच्या साडेअठरा टनांच्या गाडीला ते वर्षाला २,२२,००० होतं. त्यावर कर येणार नाही, पण रिटर्न दर वर्षी भरा. पुढची गाडी घेताना बँक आधी तेच मागेल.

आणि आता तुमच्या पत्रात नसलेली गोष्ट. तुमची नोकरी नऊ वर्षं चार महिन्यांची आहे. पीएफच्या पेन्शन योजनेत दहा वर्षं सेवा भरली की ५८ व्या वर्षापासून मासिक पेन्शन मिळते. ती फार मोठी नाही. तुमच्या पगारावर साधारण २,१४० रुपये महिना. पण आठ महिन्यांसाठी आयुष्यभराची पेन्शन कशाला सोडायची? राजीनामा दिलात तरी दहा वर्षं भरल्यावरच द्या. ग्रॅच्युइटीही तुमच्या हक्काची आहे: मूळ पगार १६,००० धरला तर नऊ वर्षांचे ८३,००० च्या आसपास. ‘आमच्याकडेच तर काम करताय’ म्हणून ती पुढे ढकलू देऊ नका. अटॅच गाडीवाला कंपनीचा नोकर राहत नाही.

त्याच कारणाने विमाही तुमचा तुम्हालाच बघावा लागेल. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा गाडीच्या पॉलिसीसोबत सक्तीचा आहेच, पण २५ लाखांचं कर्ज डोक्यावर असताना तो अपुरा आहे. ५० लाखांचा टर्म विमा, अपंगत्वाच्या जोडणीसकट, आणि कुटुंबाचा आरोग्य विमा गाडी दारात येण्याआधी घ्या. वैयक्तिक आरोग्य विम्यावर आता जीएसटी नाही. पाय मोडून तुम्ही तीन महिने घरी बसलात तर बदली ड्रायव्हरचा पगार १७,८४४ मधून निघणार नाही, हेही पत्नीसमोर मांडा.

हे आठ महिने असे वापरा. तुमच्या कंपनीला आधीपासून अटॅच असलेले दोघे-तिघे यार्डात रोज भेटत असतील. त्यांच्या मागच्या सहा महिन्यांच्या हिशोबाच्या स्लिपा बघायला मागा: किती किलोमीटरचे पैसे मिळाले, शॉर्टेज आणि डॅमेजच्या नावाखाली किती कापले, पैसे खरोखर कितव्या दिवशी आले. चहा पाजलात तर दाखवतील. दर महिन्याला १६,००० बाजूला टाकून बघा, घर उरलेल्या १८,००० मध्ये चालतं का. आठ महिन्यांत १ लाख २८ हजार साठतील आणि ते मार्जिनमध्ये न घालता डिझेलसाठी राखून ठेवता येतील.

पंधरा दिवसांच्या मुदतीचं मनावर घेऊ नका. कंपनीला लेखी कळवा की रस आहे, आठ महिन्यांनी घेईन, आणि ३६ रुपये, किमान किलोमीटर, डिझेल, हॉल्टिंग, ४५ दिवस या अटी खाली लिहा. उत्तर आलं की करारातलं भाड्याचं आणि करार मोडण्याचं कलम मला पाठवा, वाचून देतो. उत्तर आलंच नाही, तर आहे ती नोकरी सोडू नका.