जरा, जिरणे आणि गेरोन

परभणीच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस आणि वयोवृद्धीचे जीवशास्त्र' असं एका शास्त्रज्ञाच्या व्याख्यानाचं पत्रक हातात आलं. स्ट्रेसला 'ताण' म्हणता येईल का? ताण तर मनावर येतो ना?

बिनदिक्कत म्हणा. जालन्याकडचा मोसंबीवाला आंबे बहार धरायचा म्हणून बागेचं पाणी तोडतो, पानं पिवळी पडून गळायला लागतात आणि तो म्हणतो, 'बागेला ताण दिलाय.' झाडाला कुठलं आलंय मन? पेशीचंही तसंच. तिच्यातले ऑक्सिडीकारक आणि त्यांना आवरणारी द्रव्यं यांचा तोल सुटला की पडतो तो ताण. जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ हेल्मुट झीस यांनी १९८५ मध्ये या कल्पनेची व्याख्या केली.

खरं खटकतं ते 'वयोवृद्धी'. हा शब्द मी पत्रकांतून, भाषणांतून इतक्यांदा ऐकलाय की आता कान दुखतात. वृध् म्हणजे वाढणे. ज्ञानवृद्ध, तपोवृद्ध हे मानाचे शब्द आहेत. सांधे कुरकुरतात, कातडी सैल पडते, त्यात वाढतंय काय? त्या अवस्थेला आपल्याकडे नेमका शब्द आहे: जरा. गीतेत 'जन्ममृत्युजराव्याधि' आहेच, पण वाग्भटाने अष्टांगहृदयात आयुर्वेदाची आठ अंगं मोजताना सातव्याचं नावच 'जरा' दिलंय. हा शब्द असताना नवा पाडायचा कशाला?

आणि आता माझा लाडका भाग. धातू जॄ. त्यावरून जरत्, म्हणजे म्हातारा. या एका रूपासाठी पाणिनीने स्वतंत्र सूत्र खर्ची घातलं, 'जीर्यतेरतृन्'. ग्रीकमध्ये म्हाताऱ्याला म्हणतात गेरोन, षष्ठीत गेरोन्तोस. आपलं जरन्त (जरत्चंच मूळ अंग) आणि त्यांचं गेरोन्त शेजारी ठेवून मोठ्याने म्हणून पाहा! सख्खी भावंडं आहेत. जेरोंटॉलॉजी म्हणजे अक्षरशः जराशास्त्र, आणि आपण तिला 'वार्धक्यशास्त्र' म्हणून पुन्हा त्या वाढण्याच्या धातूकडेच पाठवतो.

हाच धातू आपल्या रानात रोज चालतो. अन्न जिरतं, पहिला पाऊस काळ्या रानाच्या भेगांत जिरतो, 'पाणी अडवा, पाणी जिरवा' गावोगावच्या भिंतींवर आहे. जीर्ण, अजीर्ण, जरठ त्यातलेच. 'जुना'सुद्धा, पण तो जीर्णावरून नव्हे; वैदिक जूर्ण, प्राकृत जुण्ण, मराठी जुना. 'झिजणे'ही याच घरातलं असं सांगणाऱ्या विद्वानांनी प्राकृत उघडून पाहावं: क्षीयते, झिज्जइ, झिजणे. घराणंच वेगळं.

जिरंही मी इथलंच मानतो. ते फारसीतून आलं असं ठासून सांगणारे भेटतात. सुश्रुताच्या पिप्पल्यादि गणात, म्हणजे पिंपळीपासून सुरू होणाऱ्या औषधांच्या यादीत, जीरक आहे आणि भावप्रकाशात जिऱ्याचं दुसरं नाव 'जरण', म्हणजे जिरवणारं. याहून स्पष्ट काय हवं?

पचणं आणि म्हातारं होणं एकाच धातूत का, हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नाही. १९५६ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ डेनम हार्मन यांनी मांडलं की प्राणवायू वापरून शरीर चालतं, त्याच व्यवहारात मुक्त मूलकं (फ्री रॅडिकल्स) तयार होतात आणि ती पेशीची मोडतोड करतात. पुढे १९७२ मध्ये त्यांनी बोट ठेवलं ते पेशीतल्या तंतुकणिकेवर (मायटोकॉन्ड्रियावर), जिथे अन्नातली ऊर्जा मोकळी होते. जिथे अन्न जिरतं तिथेच देह जीर्ण होतो! आज जरेचं सगळं कोडं या एका कारणाने सुटतं असं कुणी मानत नाही, तरी हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

'जरा' म्हटलं की लोकांना 'थोडं' वाटतं, अशी एक तक्रार असते. तो जरा वेगळा, अरबी ज़र्रा म्हणजे कण, त्यावरून आलेला. उच्चारही वेगळा: त्याचा ज 'जावई'तला, म्हातारपणाचा ज 'जीवना'तला. पत्रकावर 'ऑक्सिडीकरणाचा ताण आणि जरेचे जीवशास्त्र' असं छापायला सांगा, आणि सूत्रसंचालकाला तो ज आधी म्हणून दाखवा.