जिनिंगचा हंगाम आणि नवा कामगार कायदा

प्रश्न: भाऊ, नमस्कार. हिंगणघाटजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी कामाला आहे. हंगामात आम्ही ६४ जण असतो. २२ माणसं मालकाच्या मस्टरवर (हजेरीपटावर), बाकी आम्ही बाया ठेकेदाराकडून. बारा-बारा तास काम, ओव्हरटाइमचा पत्ता नाही. युनियनचं नाव काढलं तर ठेकेदार म्हणते, "नव्या कायद्यानं युनियन बंद झाली. काम थांबवसान त जेलात जासान." म्हणून आम्ही ठरवलं की संप म्हणायचंच नाही, एक दिवस सगळ्यांनी मिळून सुट्टी टाकायची. चालेल का? (नाव छापू नये.)

उत्तर: ताई, सुट्टीचा बेत आधी थांबवा. निम्मे किंवा त्याहून जास्त कामगार एकाच दिवशी ठरवून किरकोळ रजेवर गेले, तर नव्या कायद्यात तो संपच धरतात. तुमच्याकडे ३२ जणी गैरहजर राहिल्या की झालं. आणि सूचना न देता केलेला संप बेकायदा. त्याला १ हजार ते १० हजार रुपये दंड, किंवा महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. ठेकेदाराच्या बोलण्यात खरं आहे ते एवढंच.

युनियन बंद झालेली नाही. हा नवा कायदा म्हणजे औद्योगिक संबंध संहिता. ती २०२० साली मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. १९२६ चा ट्रेड युनियनचा कायदा आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा तिच्यात सामावले. नोंदणीसाठी अर्जावर किमान सात सभासदांच्या सह्या लागतात, आणि एकूण कामगारांपैकी १० टक्के किंवा १०० जण, यातला कमी आकडा सभासद असावा लागतो. तुमच्या ६४ जणांत सात म्हणजे काम भागलं. मालकाची परवानगी यात कुठेच नाही.

खरी अडचण वेळेची आहे. पूर्वी १४ दिवसांच्या सूचनेची सक्ती पाणी, वीज, रेल्वे अशा लोकोपयोगी सेवांना होती. आता ती प्रत्येक कारखान्याला आहे. सूचना गेली की समेट अधिकारी, म्हणजे दोन्ही बाजूंत तडजोड घडवणारा सरकारी अधिकारी, बैठक लावतो. पहिली बैठक झाली की समेट चालू असेपर्यंत आणि पुढे सात दिवस संप करता येत नाही. तिथे जमलं नाही आणि मालक न्यायाधिकरणात गेला, तर ते प्रकरण संपेपर्यंत आणि त्यानंतर ६० दिवस पुन्हा बंदी. बारमाही कारखान्यातला कामगार एवढं थांबू शकतो. तुमचा कापूस दिवाळीला येतो आणि उन्हाळा लागला की रेचे (सरकी काढायची यंत्रं) बंद होतात. तोवर मालकाची गरजही संपते. हंगामी मजुरांवर हा अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं, आणि त्याविरुद्ध बोललं पाहिजे. पण तोवर तयारी पावसाळ्यातच करावी लागेल.

दुसरा अडसर मस्टरचा. एकापेक्षा जास्त युनियन असल्या, तर मस्टरवरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा जिला, तीच मालकाशी बोलणी करणार. कोणालाच तेवढा पाठिंबा नसेल, तर निदान २० टक्के पाठिंबा असलेल्या युनियनांची मिळून बोलणी करणारी परिषद बसते. आपल्या राज्याच्या १९७१ च्या कायद्यात ३० टक्क्यांवर मान्यता मिळायची, त्या सवयीनं हिशेब करू नका. आणि तुम्ही ४२ जणी मालकाच्या मस्टरवर नाहीच! उद्या तो २२ माणसांची वेगळी युनियन उभी करील आणि तुम्हाला मोजायचंच नाही म्हणेल. संहितेत 'नियोक्ता' (कामावर ठेवणारा) या शब्दात ठेकेदारही येतो, हे लक्षात ठेवा. ठेकेदाराकडून नेमणूकपत्र मागा. ते देणं आता बंधनकारक आहे. आणि त्या २२ माणसांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या.

मी कापडगिरणीच्या युनियनमध्ये वर्गणीच्या पावत्या फाडायचो. युनियनचे खरे सभासद किती, हे बघायच्या तपासणीत मी सगळ्यात जास्त नावं गळताना पाहिली ती बायांचीच. मस्टरवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पावतीवर नुसतं 'शोभाबाई'. समोरचा वकील एकेक नाव खोडत जातो. म्हणून पावती आधार कार्ड समोर ठेवून लिहा, स्थळप्रतीवर सही किंवा अंगठा घ्या, तारीख टाका. पावतीपुस्तक जिनिंगच्या आवारात ठेवू नका.

३०० कामगारांखालच्या कारखान्याला आता कपातीसाठी सरकारची परवानगी लागत नाही, म्हणून बरेच जण घाबरले आहेत. पूर्वी ही मर्यादा १०० होती. तुम्ही त्यात डोकं घालू नका. हंगामी कारखान्यांतल्या कामगारांना ते संरक्षण जुन्या कायद्यातही नव्हतं. तुमची भीती वेगळी आहे: पुढच्या हंगामात बोलावणंच आलं नाही तर? युनियनमध्ये गेल्याबद्दल कामावरून काढणं किंवा तशी धमकी देणं ही अनुचित कामगार प्रथा आहे. युनियन उभी राहत असताना ती मोडायला मजुरी वाढवणं हीसुद्धा. दंड १० हजारांपासून २ लाखांपर्यंत. पण पुरावा तुम्हाला द्यावा लागेल. ठेकेदार कोणत्या तारखेला, कोणासमोर काय बोलला, हे आजच वहीत उतरवून दोघींच्या सह्या घ्या.

जमलं तर एकट्या जिनिंगची नव्हे, तालुक्यातल्या सगळ्या जिनिंगची मिळून युनियन करा. त्याला १०० सभासद पुरतील, आणि एका ठेकेदारानं काढलेली बाई दुसऱ्या जिनिंगमध्ये गेली तरी सभासद राहील. युनियनची नियमावली जून-जुलैत लिहून ठेवा, अर्ज मात्र मस्टर सुरू झाल्यावर करा, कारण सभासदसंख्या अर्जाच्या तारखेची बघतात. सातही सह्या ठेकेदाराकडच्याच बायांच्या नसाव्यात. निदान दोन-तीन मालकाच्या मस्टरवरच्या असू द्या.